अनेकांचं भलं आणि थोड्यांचा उंबरठा



बिदर, भालकी, बसवकल्याण, औराद, हुमनाबाद, आळंद, कलबुर्गी. आपल्या परिवारांत असं घर क्वचितच सापडेल ज्याचं एक तरी लेकरू पुण्या-मुंबईला नोकरीला नाही. मुंबईची जमिनीखालची मेट्रो पूर्ण सुरू झाली तसे लेकरांकडून फोटो यायला लागले. गिरगावच्या स्टेशनचे सरकते जिने, चकचकीत फरशी, गार हवा. फोटो बघून आनंद झालाच. पण दोन-तीन परिवारांत त्यावरून वादही झाला. एक म्हणाले, "बघा, प्रगती अशी असते. विरोध करणाऱ्यांचं ऐकलं असतं तर हे झालंच नसतं." दुसऱ्या म्हणाल्या, "त्या जागी कुणाची घरं होती, त्यांचं कुणी नावही काढत नाही." मग प्रश्न सेवा मंडळात आला: अनेकांच्या भल्यासाठी थोड्यांचं घर घेणं हा धर्म आहे की अधर्म?

प्रश्न मुंबईचा दिसतो, पण तो आपल्या नळापर्यंत आणि आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येतो. म्हणून आम्ही मंडळातल्या बायकांनी दोन-तीन बैठकांत यावर विचार केला. जे सुचलं ते सगळ्यांपुढे ठेवतो.

*आधी गोष्ट काय आहे ते समजून घेऊ*

कुलाबा ते आरे अशी ही मेट्रो सुमारे साडेतेहतीस किलोमीटरची आहे. स्टेशनं २७, त्यातलं एक सोडून सगळी जमिनीखाली. पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला, दुसरा मे २०२५ मध्ये, आणि वरळीपासून कफ परेडपर्यंतचा शेवटचा टप्पा ९ ऑक्टोबर २०२५ ला लोकांसाठी खुला झाला. गिरगाव आणि काळबादेवी ही स्टेशनं या शेवटच्या टप्प्यातली.

बोगदा खोदणाऱ्या अजस्र यंत्रांना नद्यांची नावं दिली होती. आरपार निघालेलं पहिलं यंत्र २०१८ मध्ये बाहेर आलं, त्याचं नाव गोदावरी. आपली मांजरा पुढे गोदावरीलाच मिळते, म्हणून हे नाव वाचून आपल्याकडच्यांना बरं वाटलं असेल. पण बोगदा खोल असतो, तो घराखालून गेला तरी घर उभं राहू शकतं. स्टेशनचं तसं नाही. माणसांना खाली उतरायला जिने लागतात, हवा जायला-यायला वाट लागते, सामान उतरवायला मोठा खड्डा लागतो. एवढी जागा वर, रस्त्यालगतच लागते. आणि गिरगावात रस्त्यालगत काय आहे? चाळी.

गिरगाव म्हणजे मराठी माणसाची जुनी मुंबई. मुंबईतला सगळ्यात जुना सार्वजनिक गणपती इथल्या केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली बसला. लांब व्हरांडा, एका ओळीत खोल्या, संडास सामाईक, पण एका घरात ताप आला की चार घरांतून पेज येणार. स्टेशनसाठी गिरगाव-काळबादेवीतल्या काही जुन्या इमारती रिकाम्या कराव्या लागल्या. २०१५ च्या सुमारास लोक रस्त्यावर उतरले. याच भागात नवी घरं देऊ असं सरकारी कंपनीनं सांगितलं, आणि कुटुंबं सामान बांधून भाड्याच्या घरांत गेली. रस्ते अरुंद म्हणून पुढे इथं वरून सगळं न उकरता आतूनच खोदत जायची पद्धत बऱ्याच ठिकाणी वापरली, म्हणजे आणखी घरं वाचावीत. तेवढं श्रेय द्यायलाच पाहिजे.

*अनेकांची बाजू हलकी नाही*

काही भगिनी म्हणाल्या, "श्रीमंतांना गार हवेत बसायला मिळावं म्हणून गरिबाचं घर पाडलं." असं म्हणणं सोपं आहे, पण न्यायाचं नाही. मुंबईच्या लोकल गाड्यांच्या मार्गावर दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं जीव गमावतात. कुणी रूळ ओलांडताना, कुणी दारातून खाली पडून. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ भरलेल्या गाड्यांमधून माणसं पडली आणि त्यातल्या काहींचा जीव गेला. डब्याच्या दाराला लटकणाऱ्यांत आपल्या आळंदचा, आपल्या औरादचा पोरगाही असतो. त्याची आई इथं देवापुढे दिवा लावून बसते. तिला विचारा, गर्दी थोडी कमी झाली तर तिला काय वाटेल.

म्हणजे 'अनेक' ही काही हवेतली गोष्ट नाही. अनेक म्हणजे आपलीच लेकरं. त्यांचा जीव, त्यांचा वेळ, संध्याकाळी घरी पोचल्यावर अंगात उरणारं त्राण. हे तोलात घातलंच पाहिजे.

*थोड्यांची बाजूही हलकी नाही*

पण घर म्हणजे किती चौरस फूट एवढंच नसतं. ज्या आज्जींनी पन्नास वर्षं एकाच उंबरठ्यावर हळदीकुंकू घातलं, त्यांना दुसरं घर मिळेल, तो उंबरठा मिळणार नाही. शेजारची मैत्रीण कांदिवलीला गेली, भाजीवाला सुटला, डॉक्टर बदलले, देऊळ लांब गेलं. आणि 'पाच वर्षांनी नवीन घर देऊ' हे वचन तिशीतल्या माणसाला एक असतं आणि पंचाहत्तरीतल्या माणसाला दुसरंच. पंचाहत्तरीतल्या माणसाला पाच वर्षं म्हणजे जवळजवळ सगळंच. गाडी आधी धावली आणि घर मागून आलं, असं जिथं जिथं होतं, तिथं त्या वयाच्या माणसाचं आपण खरोखर काही देणं लागतो.

आता दुसऱ्या बाजूनंही बघू. चाळ म्हणजे सगळं गोडच होतं असं नाही. सकाळी डबा घेऊन संडासच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या बाईला स्वतःच्या घरातलं न्हाणीघर हवंच असतं. नवं घर मिळतंय म्हणून आनंदानं हो म्हणणारेही असतात. बाहेरून कुणी 'अरेरे' करायचं कारण नाही आणि 'फायदाच झाला की तुमचा' म्हणायचंही कारण नाही. ते त्या घरातल्या माणसांनी ठरवायचं.

*शास्त्रात काय म्हटलंय?*

वाद झाला की कुणीतरी शास्त्राचा दाखला देतंच. नीतीचं एक जुनं वचन आहे: कुळासाठी एकाला सोडावं, गावासाठी कुळाला सोडावं, असा चढता क्रम. हे वचन ऐकवून म्हणतात, "बघा, शास्त्रच सांगतंय, थोड्यांनी सोडायचं असतं."

पण हे वचन महाभारतात कोण, कुणाला आणि कधी सांगतो ते बघा. विदुर सांगतो, धृतराष्ट्राला. प्रसंग दुर्योधनाचा. म्हणजे विदुर राजाला 'दुसऱ्याचं घर घे' असं सांगत नाही. तो सांगतो, तुझा स्वतःचा पोटचा मुलगा कुळाचा नाश करणार आहे, त्याचा मोह सोड. वचन सत्ता असलेल्या माणसाला सांगितलंय, आणि सोडायचं आहे ते त्याचं स्वतःचं. धृतराष्ट्राला ते जमलं नाही आणि पुढे काय झालं ते आपल्याला माहीत आहे. आज हेच वचन आपण उलट्या तोंडानं वापरतो. बलवान माणूस दुबळ्याला ऐकवतो, 'सोड.'

शिबी राजाची गोष्ट घ्या. कबुतर शरण आलं, ससाणा म्हणाला माझं अन्न दे. राजानं काय केलं? कोठारातून दुसऱ्या कुठल्या प्राण्याचं मांस आणवलं नाही. स्वतःच्या मांडीचं कापलं. तोलात स्वतः बसला.

आणि पुराणातलंच कशाला? गिरगावचं स्टेशन ज्या रस्त्याखाली आहे त्याचं नाव जगन्नाथ शंकरशेठ मार्ग. मुंबई ते ठाणे पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली. ती यावी म्हणून ज्यांनी धडपड केली त्यांत नाना शंकरशेठ पुढे होते, आणि रेल्वेच्या कामासाठी त्यांनी गिरगावातल्या आपल्या स्वतःच्या वाड्यात जागा दिली, असं सांगतात. लोकांचं भलं व्हावं म्हणून आधी आपल्या अंगणाचा दरवाजा उघडला.

यावरून आम्हाला एक गोष्ट लख्ख कळली. 'अनेकांसाठी थोड्यांनी सोडावं' हे वाक्य देणाऱ्याच्या तोंडी आलं तर तो धर्म आहे. घेणाऱ्याच्या तोंडी आलं तर तीच जबरदस्ती. शब्द तेच, फक्त बोलणारा वेगळा.

*वैराग्य दुसऱ्याला वाटता येत नाही*

इथं आपण सत्संगातल्या माणसांनी जास्त सावध राहायला पाहिजे. कारण आपल्या जिभेवर एक वाक्य तयारच असतं: "घर-दार सगळं माया आहे, सोडून द्यायला शिकावं." खरं आहे. पण ते आपल्या घराबद्दल म्हणायचं असतं. ज्याचं घर जातंय त्याच्यापुढे उभं राहून 'मायेत अडकू नका' म्हणणं म्हणजे अध्यात्म नव्हे, तो कोरडेपणा झाला. उपवास आपण करायचा असतो, शेजाऱ्याच्या ताटातली भाकरी काढून 'तुमचा उपवास' म्हणायचं नसतं.

म्हणजे मोजमाप दोन ठेवावी लागतात. आपल्यावर वेळ आली तर कडक मोजमाप: हे खरंच लोकांच्या भल्याचं आहे का? असेल तर मी किती सोडू शकते? आपल्या गावांत रस्ते रुंद झाले तेव्हा कुणाचा ओटा गेला, कुणाची पुढची खोली गेली. काहींनी कोर्टकचेरी न करता सोडली, आणि आज त्याच रस्त्यावरून ॲम्ब्युलन्स वेळेत जाते. त्यांना नमस्कार. पण दुसऱ्याचा ओटा जात असेल तेव्हा मोजमाप मऊ ठेवायचं: त्याला किती दुखतंय, त्याला पुरेसं मिळालं का, त्याचं कुणी ऐकलं का?

*भागीरथीला कुणी विचारलं नाही*

आपल्याकडच्या आज्ज्यांना 'केरेगे हार' ही कन्नड लोककथा-गीत माहीत आहे. शाळेत लेकरांनीही शिकली असेल. गौडानं गावासाठी तळं खोदलं, पण थेंबभर पाणी लागेना. ज्योतिषी म्हणाला, घरच्या सुनेचा बळी द्या. मोठ्या सुनांना या ना त्या कारणानं वगळलं आणि धाकटी भागीरथी उरली. पूजेच्या निमित्तानं तिला तळ्याकडे नेलं. पाणी पायाला लागलं, गुडघ्याला आलं, कमरेला आलं, आणि तळं भरलं. नवरा महादेवराय लढाईवरून आला, बायको कुठं विचारलं, घरातल्यांनी थापा मारल्या. शेवटी खरं कळलं आणि त्यानंही त्याच तळ्यात उडी घेतली.

गावाला पाणी मिळालं. ही गोष्ट ऐकताना तरीही प्रत्येक बाईच्या डोळ्यांत पाणी का येतं? गावाची तहान खोटी होती म्हणून नाही. तहान खरीच होती. आम्ही विचार केला तेव्हा चार गोष्टी दिसल्या.

पहिली: तिला कुणी विचारलं नाही.

दुसरी: तिला खरं सांगितलं नाही. गोड बोलून नेलं.

तिसरी: निवड जोखून झाली नाही. जिच्या मागं कुणी उभं नव्हतं, जी सगळ्यांत धाकटी, तिच्यावर बोट ठेवलं.

चौथी: नंतर लपवलं. नवऱ्यालासुद्धा थापा मारल्या.

मोठ्या कामात कुणाला काही सोडायला लागलं म्हणजे ते काम लगेच पाप होत नाही. पण या चारांतली एक जरी गोष्ट घडली तर चांगल्या कामालाही डाग लागतो. आणि ही चूक फार जुनी आहे. जगातली पहिली भुयारी रेल्वे १८६३ साली लंडनला सुरू झाली. तिच्यासाठी शहरातल्या गरीब वस्त्यांमधली हजारो माणसं हलवली गेली. घरमालकांना पैसे मिळाले, भाडेकरूंच्या हातात काही पडलं नाही. जो धाकटा, त्याच्यावरच बोट. आपल्या देशात २०१३ चा भूसंपादन कायदा झाला, त्यात जमिनीचा मालकच नव्हे, तर त्या जमिनीवर ज्यांचं पोट आहे ते कूळ आणि मजूरही 'बाधित कुटुंब' धरले. दीडशे वर्षांनी का होईना, धाकट्या सुनेचं नाव यादीत आलं.

*"मग सगळ्यांचं हो येईपर्यंत थांबायचं का?"*

हा प्रश्न आमच्याच बैठकीत एका ताईंनी विचारला, आणि प्रश्न रास्त आहे. एक माणूस अडून बसला तर धरण नाही, रस्ता नाही, दवाखाना नाही.

आमचं उत्तर असं: सगळ्यांचं हो मिळणार नाही. पण सगळ्यांचं ऐकून घेणं शक्य आहे. मुंबईच्या याच मेट्रोत तसं काही वेळा झालं. कफ परेडला रात्रभर खोदकामाच्या आवाजानं लोकांची झोप उडाली. एक रहिवासी उच्च न्यायालयात गेले आणि २०१७ मध्ये न्यायालयानं तिथलं रात्रीचं काम थांबवलं. लाखोंच्या मेट्रोपुढे एका मोहल्ल्याच्या झोपेलाही वजन आहे, असं त्याचा अर्थ. काळबादेवीत पारशी बांधवांची दोन आतश बेहराम, म्हणजे सर्वांत पवित्र अग्निमंदिरं आहेत. खालून बोगदा गेला तर अग्नीच्या पावित्र्याला बाधा येईल, असं भाविकांना वाटलं. न्यायालयानं महिनोन् महिने ऐकलं, आणि २०१८ च्या शेवटी बोगद्याला परवानगी दिली. भाविकांना दुःख झालं असणार. कुणाच्याही श्रद्धेबद्दल 'एवढं काय त्यात' असं आपण म्हणू नये, उद्या तो बोगदा आपल्या देवळाखालून जाणार असेल. पण बाजू मांडून हरणं आणि न विचारता डावललं जाणं यात फरक आहे. पहिल्यात माणसाचा मान राहतो.

ऐकण्याबरोबर सांभाळणंही आलं. कोलकात्याच्या बोबाजार भागात ३१ ऑगस्ट २०१९ ला बोगद्याचं यंत्र जमिनीतल्या पाण्याच्या साठ्याला लागलं, माती खचली आणि वरची जुनी घरं तडकली, काही कोसळली. शेकडो माणसं नेसत्या कपड्यांनिशी बाहेर आली. २०२२ मध्ये तिथं पुन्हा तडे गेले. ही तर अशी माणसं होती ज्यांना 'तुमचं घर जाणार' असं कुणी सांगितलंच नव्हतं. ते काम सावरून मार्ग जोडायला २०२५ उजाडलं. म्हणजे घाई करून अनेकांचाही फायदा होत नाही.

*आता आपल्या नळाकडे या*

मुंबईवर बोलणं सोपं असतं, ती लांब आहे. बिदर शहरात नळाला येणारं पाणी कारंजा धरणाचं. त्या धरणाखाली शेतं गेली, घरं गेली. ज्यांच्या जमिनी गेल्या ते शेतकरी योग्य मोबदल्यासाठी वर्षानुवर्षं अर्ज करतायत, धरणं धरून बसतायत. आपल्यातल्या कितीजणांनी पाणी भरताना त्यांचा विचार केला असेल? त्या गावांची नावं आपल्या लेकरांना माहीत आहेत का? धरण नको होतं असं आम्ही म्हणत नाही. पाण्याशिवाय शहर कसं जगणार? पण केरेगे हारमधली चौथी गोष्ट, नंतर विसरणं, ती आपल्या घरात रोज घडतेय.

आपल्या बिदरला विसरण्याचं आणि आठवण्याचं एक चांगलं उदाहरण आहे. बहामनी राजांनी पंधराव्या शतकात राजधानी कलबुर्गीहून बिदरला आणली, तेव्हा या उंच, कोरड्या पठारावर पाणी आणायला जांभ्या दगडातून जमिनीखाली लांब भुयारं खोदली. नौबादचं करेज त्यांतलंच. इराणकडची ही विद्या. ठरावीक अंतरावर वरून विहिरीसारखी तोंडं आणि खालून उतारानं वाहणारं पाणी, ना मोटार, ना वीज. शेकडो वर्षांनी वरच्या लोकांना खाली काय आहे याचा विसर पडला, तोंडं बुजली, कचरा पडला. अलीकडे गाळ काढून ते पुन्हा मोकळं केलं, आणि आत पाणी होतं. ज्यांनी अंधारात वाकून तो दगड फोडला त्यांतल्या एकाचंही नाव आपल्याला माहीत नाही. झरणी नरसिंहाला जाताना आपण छातीएवढ्या पाण्यातून गुहेत चालतो, अंधारात हात जोडतो. तसाच एक नमस्कार या न दिसणाऱ्या माणसांनाही करायला काय हरकत आहे?

*आणि मग स्वयंपाकघराकडे*

बैठकीत सगळ्यांत जास्त वेळ याच मुद्द्यावर गेला, म्हणून स्पष्ट लिहितो.

घरातही 'अनेकांची सोय' असते आणि ती कुणा एकाच्या खोलीतून जाते. थोरल्या मुलाचं लग्न ठरलं की आज्जीची खोली जाते, तिची खाट व्हरांड्यात येते. सासूबाई अंथरुणाला खिळल्या की चार सुनांतल्या एकीची नोकरी सुटते, बहुतेक वेळा जिचा पगार कमी तिची. भावाच्या शिक्षणासाठी बहिणीचं कॉलेज थांबतं. काम खोटं नसतं. लग्न खरं, आजारपण खरं, फी खरी. कुणीतरी सोडायलाच लागतं. पण तिला विचारलं का? 'तू नोकरी सोड' असं सरळ न म्हणता 'थोडे दिवसच' असं गोड बोलून नेलं का? दरवेळी बोट तिच्याकडेच का जातं? आणि नंतर सणाला सगळे जमल्यावर 'हिनं केलं म्हणून झालं' असं कुणी चारचौघांत म्हणतं का?

बसवकल्याणची माती आपल्याला दोन शब्द देते: कायक आणि दासोह. कायक म्हणजे आपण करायचं काम, दासोह म्हणजे आपल्यातलं वाटून द्यायचं. दोन्ही 'आपलं' आहे. दुसऱ्याकडून घेऊन वाटणं याला दासोह म्हणत नाहीत.

*आपण काय करू शकतो*

१) आपल्या गावात रस्ता, पूल, सभामंडप असं काही होणार असेल आणि कुणाचं घर-दुकान जाणार असेल, तर बाजू घेण्याआधी त्या घरी जाऊन बसावं. चहा घ्यावा, ऐकून घ्यावं. अर्ज लिहायला, कागद वाचायला मदत लागत असेल तर करावी. आपल्यात शिकलेल्या बायका पुष्कळ आहेत.

२) आपल्याच सेवाकार्यासाठी कुणाची जागा, वाट किंवा झोप जात असेल, तर हीच चार मापं आपल्यालाही लावावीत. उत्सवाचा लाऊडस्पीकर रात्री शेजारच्या आजारी माणसाच्या खिडकीत जात असेल तर ते नामस्मरण त्याच्यासाठी खोदकामच आहे.

३) 'घर-दार माया आहे' हे वाक्य या महिन्यात फक्त स्वतःला म्हणावं.

४) मुंबईत असलेल्या लेकरांना सांगावं, मेट्रोनं खुशाल जा, जपून जा. गिरगावला उतरलात तर वर येऊन पाच मिनिटं त्या गल्ल्या बघून या. कुणी जुनं माणूस दारात बसलेलं दिसलं तर बोला.

५) कुटुंबाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकानं एक नाव घ्यावं, ज्या माणसानं आपल्या सोयीसाठी काही सोडलं त्याचं. ते माणूस हयात असेल तर त्याच्यासमोर म्हणावं. खाट व्हरांड्यात असेल तर आत घ्यायची वेळ झाली का, तेही बघावं.

ज्यांना यावर वेगळं वाटतं त्यांनी जरूर कळवावं, पुढच्या बैठकीत वाचून दाखवू. कारंजाच्या कामात ज्यांच्या माहेरची किंवा सासरची जमीन गेली अशा भगिनी आपल्या परिवारांत आहेत. त्यांनी आपल्या गावाचं नाव आणि तिथल्या आठवणी मंडळाकडे पाठवाव्यात, अशी त्यांना खास विनंती.

जय सद्गुरू.

– सेवा मंडळाच्या भगिनी